मुळाक्षरांची रांग

शिवमूर्ती गुरुजींना लातूरहून परतताना एसटीत खिडकीची जागा मिळाली, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. दांडीला लटकून आलेला माणूस घरी येऊन गुमान झोपतो. बसून आलेल्या माणसाला कल्पना सुचतात.

गुरुजी प्रौढ शिक्षणाच्या शिबिराला गेले होते. लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कार्यालयांच्या पाट्या नव्या होत्या, खुर्च्या कुठून कुठून मागून आणलेल्या होत्या आणि जुने कागद अजून उस्मानाबादेत अडकून पडले होते. अशा नव्या जिल्ह्याला जी ती गोष्ट 'जिल्ह्यात पहिली' करून दाखवायची घाई असते. शिबिरात जाड चष्म्याचे एक पाहुणे म्हणाले होते, "भाषा शिकवायचं साहित्य विकत आणू नका. परिसरात जे मुबलक आहे त्यातूनच ते तयार करा." टाळ्या झाल्या. गुरुजींनीही वाजवल्या. निलंगा मागे पडलं, खिडकीतून परिसर दिसायला लागला, तेव्हा कुठे त्यांना प्रश्न पडला की आपल्या तळीखेडात मुबलक असं काय आहे?

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावाला ज्याच्यावरून नाव पडलं त्या तळ्यात पोरं विटीदांडू खेळत होती. मुबलक म्हणावी तर धूळ होती, वेड्या बाभळी होत्या आणि टँकरची वाट बघत बसलेल्या बायका होत्या. या बायकांमुळेच गुरुजींचा प्रौढ वर्ग ओस पडला होता. वर्ग शाळेच्या खोलीत आणि बायका शाळेमागच्या मैदानात, टँकरच्या रांगेत. टँकर सकाळी येईल की दुपार कलल्यावर, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं, त्यामुळे जागा सोडून कुणी हलत नसे. वर्गात नेमानं येणारा एकच विद्यार्थी होता, म्हातारा केरबा. आणि तोही पत्र्याच्या सावलीसाठी यायचा. तपासणीत वर्ग असा रिकामा सापडला असता तर तो बंद झाला असता, आणि वर्ग बंद पाडणारा मास्तर म्हणून शिवमूर्ती गुरुजींचं नाव नव्या जिल्ह्यात पहिल्यांदा घेतलं गेलं असतं. पंचवीसेक वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून गुरुजींनी आधी सरकारी तक्ता उचलला आणि थेट रांगेत नेला. तक्त्यावर 'न नावेचा' होता. सरपंच सिद्रामप्पांच्या पत्नी कमलम्मा डोळे बारीक करून बघत म्हणाल्या, "ही काय रस्त्यावरनं चालत्याय का गुर्जी?" गुरुजींनी समजावून सांगितलं की नाव पाण्यावर चालते. मग सगळ्या बायका नावेखालच्या निळ्या रंगाकडे इतक्या एकटक बघायला लागल्या की 'न'कडे कुणाचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं तक्ता बाभळीत नेऊन अडकवला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. सरकारी वस्तू काट्यात फाटली तर तिचा पंचनामा कुणी करायचा, यावर ग्रामसेवक नरसिंगराव आणि गुरुजी यांची बराच वेळ चर्चा झाली.

आणि तेव्हाच गुरुजींना एसटीत अर्धवट सुचलेली कल्पना पुरती सुचली. रांगेत बायकांपेक्षा घागरी जास्त असतात. घागर ठेवली की जागा लागते. मग बाई घरी जाऊन भाकरी थापून आली तरी चालतं. म्हणजे दिवसभर जमिनीवर काय उभं असतं? घागरी. ओळीनं. एकेका घरची एकेक. त्या प्रत्येक घागरीवर एकेक मुळाक्षर रंगवलं तर? खर्च शून्य, साहित्य परिसरातलं, आणि बाई कुठेही गेली तरी तिचं अक्षर तिच्या कमरेवर! गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी घरी जाऊन बायकोला, कस्तुराबाईंना, ही कल्पना दोनदा सांगितली. त्या म्हणाल्या, "रंग पोटात गेला म्हंजे?" गुरुजी म्हणाले, "बाहेरून रंगवायचंय." "मग हरकत न्हाई," म्हणून त्या पीठ चाळायला लागल्या. इतिहासात थोर कल्पनांचं स्वागत बहुधा असंच झालेलं असणार.

इथे त्या रांगेबद्दल थोडं सांगायला हवं. तळीखेडात देऊळ होतं, मठ होता, आड होते, आणि कोणत्या ठिकाणी कुणी कुठवर यायचं हे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. टँकरचं तसं नव्हतं. टँकर तहसीलचा, पहिल्याच दिवशी तहसीलदार स्वतः उभे राहून बजावून गेले होते, की रांग एकच, आधी येईल त्याला आधी. कमलम्मांना आठवडाभर जेवण गोड लागलं नाही, पण सरकारचं पाणी आणि सरकारचाच नियम, करता काय? भीमनगरच्या सरजाबाईला मात्र हा नियम फार मानवला. तिचं घर रस्त्याच्या कडेला. सून बाळंतीण झालेली, मुलगा हैदराबादेत गवंड्याच्या हाताखाली. त्यामुळे ती झुंजूमुंजू होताच घागर आणून ठेवायची आणि तिचा नंबर नेहमी पहिल्या चार-पाचांत लागायचा. हे महत्त्वाचं होतं, कारण टँकर रांगेच्या शेवटपर्यंत कधीच पुरत नसे. शेवटच्या काही घागरींच्या वाट्याला पाइपातलं गुरगुरणं तेवढं यायचं.

पांढऱ्या रंगाचा डबा सिद्रामप्पांच्या दुकानातून आला. त्यांनी तो फुकट दिला, आणि तिथेच गुरुजींनी सावध व्हायला हवं होतं.

"डबा आपला, बुरूस आपला," सिद्रामप्पा गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग अ कुणाचा, गुर्जी?"

अ कमलम्मांच्या पितळी घागरीवर चढला. हे बघून कस्तुराबाईंनी स्वतःची घागर पुढे सरकवली. "पयलं ऱ्हाऊ द्या त्यांस्नी. पण गुर्जी तुमी, घागर रंगवणार तुमी, मग दुसरं अक्षर काय शेजारणीला?" आ गुरुजींच्या घरी राहिला. पुढे मग गावातलं मानपानाचं सगळं गणित मुळाक्षरांत उतरत गेलं. मठाच्या स्वामींची घागर इ-ई मध्ये बसली, पोलीस पाटलांना उ मिळाला, आणि दोन भाऊबंदांची घरं क आणि ख यांवरून असं भांडली की गुरुजींना ब्रश हातात धरून तासभर उन्हात उभं राहावं लागलं. ढ घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी तो रजेवर गेलेल्या तलाठ्याच्या घागरीवर, तो नसताना काढला गेला. गुरुजींच्या शेजारच्या गंगम्मांचं म्हणणं पडलं की देवाचं अक्षर असलं की घागर गळत नाही, आणि त्यांनी गणपतीचा ग आपल्या घागरीवर काढून घेतला. ज्याचं घर जितकं मोठं तितकं त्याचं अक्षर पुढचं, असं कुणीच ठरवलं नव्हतं. ते आपोआप तसं होत गेलं, आणि गुरुजी रंगवत गेले.

भीमनगरपर्यंत ब्रश पोचला तेव्हा डबा खरवडावा लागत होता. सरजाबाईची पत्र्याची घागर सगळ्यात शेवटी आली आणि तिच्यावर ज्ञ आला.

शिबिरात सांगितलं होतं की प्रौढ विद्यार्थ्यांशी अहो-जाहो करून बोलावं. गुरुजी ते कसोशीनं पाळत. "सरजाबाई, तुम्ही हे अक्षर नीट बघून घ्या," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सरजाबाईनं मागे वळून बघितलं होतं, की हे कुणाशी बोलतायत. आता तिनं घागर फिरवून अक्षर बघितलं.

"गुर्जी, हे शेवटचं न्हवं का?"

"शेवटचं म्हणजे सगळ्यांत वरचं," गुरुजी म्हणाले. "ज्ञ ज्ञानाचा. इथवर पोचायला माणसाचा जन्म जातो, सरजाबाई."

असल्या बोलण्यानं स्वतः गुरुजींनाच फार बरं वाटलं.  ओला रंग लागू नये म्हणून घागर अंगापासून लांब धरून सरजाबाई घरी गेली.

सुरुवातीचे दिवस खरंच झकास गेले. घागरी येतील तशा लागायच्या, म्हणजे अक्षरं रोज नव्या क्रमानं उभी राहायची. गुरुजी छडी घेऊन रांगेच्या कडेनं फिरायचे. र शेजारी स आला की 'रस' म्हणायचे, आणि बायका 'रस' म्हणून हसायच्या, कारण उसाचा रस बघून दोन वर्षं झाली होती. घरात कानडी बोलणाऱ्या कमलम्मासुद्धा "आज माझ्या मागं कोन हाय, ग हाय का घ?" असं विचारायला लागल्या. बायकांना पाच-दहा अक्षरं सहज यायला लागली. केरबा म्हातारा सावली सोडून रांगेत येऊन बसायला लागला. गुरुजींनी सगळा वृत्तांत सुवाच्य अक्षरात लिहून लातूरला पाठवला. तो पाठवला नसता तर आज ही गोष्ट एवढ्यावरच संपली असती.

लातूरहून उत्तर आलं, तेही चक्क पंधरवड्याच्या आत. जिल्ह्याचे साहेब स्वतः पाहणीला येणार होते. तारीख कळवली जाईल.

ग्रामसेवक नरसिंगरावांचा त्या दिवसापासून कायापालट झाला. त्यांनी रांग बघितली आणि कपाळाला हात लावला. "गुर्जी, ही काय बाराखडी हाय का बाजार? आधी म, मग ट, मग ऊ! सायब काय म्हणतील? अ पासून ज्ञ पर्यंत वळीनं पायजेत."

"पण मग आधी येईल त्याला आधी, हा नियम..."

"सायब येऊन जाईस्तोर," नरसिंगराव म्हणाले. "एका दिवसाचा तर सवाल."

पण साहेब एका दिवसात येणारे नव्हते. सोमवारी येणार म्हणून रविवारपासून घागरी क्रमानं लागल्या. सोमवारी जीप नादुरुस्त झाली. गुरुवारी कुणी मंत्री लातुरात आले. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या घरी लग्न निघालं. कधी येतील नेम नाही, तेव्हा घागरी रोजच क्रमानं लावून ठेवायच्या, असं नरसिंगरावांनी ठरवलं. कमलम्मा आता ऊन चढल्यावर, वेणीफणी करून, डुलत डुलत यायच्या. त्यांच्या अ ची जागा कुठे पळून जाणार होती? आणि सरजाबाई झुंजूमुंजूला येऊन सगळ्यांत शेवटी घागर ठेवायची, कारण ज्ञ तिथेच असतो.

टँकर तिच्यापर्यंत एकदाही पोचला नाही.

पहिले दोन दिवस तिनं इकडून तिकडून तांब्या-तांब्या मागून भागवलं. मग ती लांबच्या शिवारातल्या एका पडक्या विहिरीवर जायला लागली. विहिरीच्या तळाला गढूळ पाणी होतं, वाटीनं भरून घ्यावं लागायचं. सुनेला ते उकळून द्यायचं तर जळण पुरेना. "गुर्जी," ती एकदा म्हणाली, "सूनबाई बाळातीण हाय. धुनं-पानी सोडा, प्याया बी न्हाई. सायब कवा येनार?"

"आलेच," गुरुजी म्हणाले. "थोडी कळ काढा. तुमचं अक्षर शेवटी नसेल तर अक्षरांची माळ अपुरी दिसते, सरजाबाई." गुरुजींना हे वाक्य त्या वेळी सुंदर वाटलं होतं. पुढे ते त्यांना कधी आठवलं की ते एकटेच मोठ्यानं खोकायचे.

साहेब आले तेव्हा मैदानात सडा घालावा की नाही यावर वाद होऊन शेवटी तो रांगोळीवर मिटला होता. साहेब तरुण होते, उत्साही होते आणि मनानं चांगले होते. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलं तर हाती कुणी लागत नाही. त्यांनी रांगेच्या कडेनं चालत सगळी मुळाक्षरं बघितली. "वा! वा!" एवढंच ते म्हणत होते. मग त्यांना परीक्षा घ्यायची लहर आली.

कमलम्मांनी अ पासून ऊ पर्यंत घडाघडा म्हटलं आणि थांबल्या. पुढचं त्यांनी कधी ओळीनं बघितलंच नव्हतं. घागर भरली की त्या घरी जायच्या. गंगम्मा ग ओलांडून झ पर्यंत गेल्या आणि अडखळल्या. प्रत्येकीला आपल्या घागरीपर्यंतचं येत होतं, फार तर आणखी दोन-चार. साहेबांचा चेहरा उतरायला लागला तसे गुरुजी छडी या हातातून त्या हातात करायला लागले. मग साहेब शेवटाला पोचले.

सरजाबाईनं पदर डोक्यावरून घेतला आणि सगळं वाचलं. अ पासून ज्ञ पर्यंत, एकही न चुकता. मग साहेबांनी बोट दाखवलं तसं मधलंही वाचलं, उलटंही वाचलं. ढ सुद्धा तिनं आदरानं वाचला.

"अरे, कमाल आहे!" साहेब म्हणाले. "एवढं कसं काय आलं बाई तुम्हाला?"

"मी रोज समद्या घागरी भरस्तोर हितंच बसत्याव सायब," सरजाबाई म्हणाली. "दुसरं काय करावं मग? वाचत बसत्याव."

साहेबांना यातलं 'वाचत बसत्याव' तेवढं ऐकू आलं. ते इतके भारावले की त्यांनी खिशातून पेन काढून तिथल्या तिथे शेरेबहीत लिहिलं, 'अभिनव उपक्रम. जिल्ह्यात पहिला. घागरींचा क्रम कायम ठेवावा.' सही केली. खाली शिक्का बसला. शिक्का नवा होता, शाई भरपूर होती.

जीपची धूळ खाली बसायच्या आत सिद्रामप्पांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला, आणि 'कायम' या शब्दावर बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचून दाखवला. तहसीलदाराचं तोंडी बोलणं कुठे आणि जिल्ह्याचं लेखी कुठे! त्या दिवसापासून तळीखेडात 'आधी येईल त्याला आधी' संपलं. कुणीच अन्याय केला नव्हता. फक्त मुळाक्षरांचा क्रम पाळला जात होता, आणि मुळाक्षरांचा क्रम काही गुरुजींनी ठरवलेला नव्हता.

गुरुजींनी हे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पण सरजाबाईचा नातू हगवणीनं आजारी पडला, पोराचे डोळे खोल गेले आणि गावातल्या सुईणीनं 'लेकराला चांगलं पाणी पाजा' असं सांगितलं, तेव्हा त्यांना जेवण जाईना. ते नरसिंगरावांकडे गेले. "एक दिवस अ पासून लावू, एक दिवस ज्ञ पासून," त्यांनी सुचवलं. नरसिंगराव म्हणाले की सूचना उत्तम आहे, अर्ज करा. अर्ज तालुक्याला गेला. तालुक्यानं सांगितलं की शेरा जिल्ह्याचा, बदल जिल्हाच करणार. जिल्ह्याच्या कारकुनानं सांगितलं की मंजूर शैक्षणिक साहित्यात बदल करायचे नियम ज्या फायलीत आहेत ती फाइल उस्मानाबादेत आहे, आणि उस्मानाबादेत सांगितलं की लातूरच्या सगळ्या फायली लातूरला गेल्या. गुरुजी त्या एसटीतून या एसटीत असे फिरत राहिले. येताना-जाताना एकदाही त्यांना खिडकी मिळाली नाही.

घरी कस्तुराबाई आणखी चिडलेल्या. "आपल्या घागरीवर आ हाय. रोज भरून येत्याय. तुमाला काय पडलंय उरफाटं करायचं?"

"मीच रंगवलंय ते," गुरुजी म्हणाले.

"तुमी रंगवलंव, म्हंजे पानी बी तुमीच आनता का काय?"

कागदानं होत नाही म्हटल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक बेकायदेशीर गोष्ट करायची ठरवली. एका सकाळी, बायका पांगलेल्या असताना, त्यांनी सरजाबाईची घागर उचलली आणि रांगेत पुढे, उ आणि ऊ यांच्या मध्ये, हळूच ठेवून दिली. मग धोतर सावरत, आपण इथले नाहीच अशा चेहऱ्यानं ते बाभळीखाली जाऊन उभे राहिले.

टँकर आला. बायका धावल्या. आणि गंगम्मांचा आवाज चढला. "अगं बया, ज्ञ हितं कसा गं? उ च्या मागं ज्ञ असतंय का कधी?"

"न्हाईच मुळी! उ च्या मागं ऊ!" पोलीस पाटलीण ओरडली.

"मग ए, मग ऐ!" तिसरी ओरडली, आणि मग सगळ्याच एका सुरात, बोटं नाचवत, मुळाक्षरं म्हणायला लागल्या. दोन महिन्यांपूर्वी यांतल्या एकीलाही स्वतःची घागर दुसरीच्या घागरीपासून अक्षरावरून ओळखता येत नव्हती. त्या क्षणी बाभळीखाली उभ्या शिवमूर्ती गुरुजींची छाती अभिमानानं भरून आली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांचं शिकवणं इतकं कुणाच्या डोक्यात उतरलं नव्हतं. पाठोपाठ त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की ते झाडाआडच सरकले. सरजाबाई मधून चालत गेली, तिनं आपली रिकामी घागर उचलली आणि शेवटाला नेऊन ठेवली. ती कुणावर रागावली नाही. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर गुरुजींना सोसलं असतं.

अशातच लातूरहून बोलावणं आलं. जिल्ह्याचा पहिला शैक्षणिक साहित्य मेळावा भरणार होता आणि त्यात शिवमूर्ती गुरुजींचा सत्कार होणार होता. सोबत 'ज्ञ घागरधारक महिलेस' घागरीसह आणायचं होतं.

"मी येत न्हाई गुर्जी," सरजाबाई म्हणाली. "लेकरू निपचित पडलंय."

"या तुम्ही," गुरुजी म्हणाले, आणि या वेळी ते मनापासून बोलत होते. "साहेबांना समोरासमोर सांगा. ते ऐकतील. आणि लातूरला कार्यालयात नळ आहे, चांगलं स्वच्छ पाणी आहे. काही नाही झालं तरी घागर भरून आणू. संध्याकाळपर्यंत लेकराच्या तोंडात पडेल." घागरभर पाणी म्हटल्यावर सरजाबाईनं आत सुनेकडे बघितलं आणि लुगडं बदलायला गेली.

एसटीत कंडक्टरनं घागर टपावर टाका म्हटलं. गुरुजींनी ती मांडीवर घेतली. सगळा रस्ता ज्ञ त्यांच्या पोटाला टोचत होता.

मेळाव्यात मांडव होता, झेंडूच्या कुंड्या होत्या, पंखे होते. सरजाबाईनं पोचल्या पोचल्या नळ शोधला, घागर काठोकाठ भरली, वर पदराचा कोपरा टाकला आणि ती मांडीशी धरून बसली. व्यासपीठावर बोलावलं तेव्हाही ती घागर घेऊनच चढली. तिनं सगळी मुळाक्षरं वाचली. टाळ्या थांबेनात. साहेबांनी विचारलं, "बोला बाई, काय वाटतं तुम्हाला या अक्षराबद्दल?"

सरजाबाई माइकपासून वीतभर लांब उभी राहून म्हणाली, "सायब, मला हे अक्षर नको. दुसरं कोनतं बी द्या. मधलं द्या."

 साहेब हसले आणि सभेकडे वळून म्हणाले, "बघा! याला म्हणतात विनय. ज्ञानाच्या शिखरावर पोचूनही ही माउली मधली जागा मागते." पुन्हा टाळ्या झाल्या. गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांना सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं. पण ते उठलेले बघून सूत्रसंचालकाला वाटलं की सत्काराची घाई आहे, आणि त्यानं नारळ, शाल आणि हार असं सगळं एकदमच त्यांच्यावर घातलं. हारात तोंड बुडालेल्या माणसाला बोलता येत नाही. पुढे साहेबांनी जाहीर केलं की हा उपक्रम टँकरच्या प्रत्येक गावात राबवला जाईल.

खाली उतरल्यावर एक शिपाई घागर घ्यायला आला. तळीखेडची मूळ घागर जिल्ह्याच्या कायम प्रदर्शनात ठेवायची होती. काचेचं कपाट तयार होतं. गुरुजी म्हणाले, "अहो, पण यात पाणी आहे." शिपाई म्हणाला, "मग काय झालं," आणि त्यानं ती नीट तिरपी करून झेंडूच्या कुंड्यांना थोडं थोडं पाणी घातलं. त्याचीही काही चूक नव्हती. कुंड्या सकाळपासून उन्हात होत्या.

सरजाबाई एकदाच पुढे झाली आणि थांबली. गुरुजी साहेबांना शोधत धावले. साहेब पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते. कारकुनाकडे दुसरं भांडं मागितलं. भांडी मंडपवाल्याची, मोजून आणलेली. शेवटी गुरुजींनी बाहेरच्या हॉटेलातून एका बाटलीत पाणी भरून आणलं. ती औषधाची जुनी बाटली होती, बुचाच्या जागी कागदाचा बोळा होता. शेवटची गाडी लागली होती.

गाडी निघाली. सरजाबाईच्या मांडीवर गुरुजींची सत्काराची शाल आणि ती बाटली होती, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं, कारण इतके दिवस त्यांच्यात घागर असायची.  खड्ड्यांत गाडी उसळायची तसा बाटलीतला बोळा भिजत होता.

"सरजाबाई," गुरुजी निलंगा मागे पडल्यावर म्हणाले, "उद्या सकाळी माझ्या घरची घागर घेऊन रांगेत लावा. कस्तुराला मी सांगतो. तीच तुमची. रोज."

सरजाबाईनं बोळा अंगठ्यानं दाबून धरला.

"नको गुर्जी," ती म्हणाली. "तुमच्या घागरीवर आ हाय. आता समद्यास्नी वाचता येतंय."